बोजा नसलेला सातबारा

२१ सप्टेंबर १९८५ च्या रात्री लास वेगासच्या रिव्हिएरा हॉटेलात लॅरी होम्स हरला. त्याआधी तो ४८ वेळा रिंगणात उतरला होता आणि ४८ वेळा जिंकून बाहेर आला होता. आणखी एक विजय मिळाला असता तर ४९–० झालं असतं, म्हणजे रॉकी मार्सियानोशी बरोबरी. मार्सियानोने आपली एकोणपन्नासावी आणि शेवटची लढत जिंकली होती तीही २१ सप्टेंबरलाच, बरोबर ३० वर्षांपूर्वी. मुहूर्त साधला होता, मांडव पडला होता, मार्सियानोचा भाऊ पीटरही हजर होता. ऐन वेळी मायकेल स्पिंक्स आडवा आला. हा मुळात खालच्या वजनगटातला, लाइट-हेवीवेटचा विजेता. या लढतीपुरतं अंगावर मांस चढवून आलेला. पंधरा फेऱ्या झाल्या आणि पंचांनी कौल त्याच्या बाजूने दिला.

हरलेल्या माणसाने अशा वेळी पाणी प्यावं, शर्ट घालावा आणि घरी जावं. होम्स पत्रकारांपुढे बसला. बोलता बोलता त्याची गाडी स्पिंक्सवरून मार्सियानोवर घसरली आणि रॉकीची तर माझा लंगोट वाहायचीही लायकी नव्हती, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलून गेला. मार्सियानोला जाऊन तोवर सोळा वर्षं झाली होती. भाऊ मात्र तिथेच होता. होम्सने पुढे माफी मागितली, नंतर सतरा वर्षं लढत राहिला, ६९ विजय आणि ६ पराभवांवर थांबला. जगातल्या उत्तमोत्तम हेवीवेटमध्ये त्याची गणना व्हावी असे हे आकडे आहेत. पण चार जाणकार जमले की आधी लंगोटाचा विषय निघतो.

हेवीवेट बॉक्सरची अख्खी कारकीर्द एका ओळीत मावते. आधी विजय, मग पराभव, मग असलीच तर बरोबरी, आणि शेवटी कंसात नॉकआउट. मार्सियानो ४९–० (४३). मोहम्मद अली ५६–५ (३७). जो फ्रेझियर ३२–४–१ (२७). जॉर्ज फोरमन ७६–५ (६८). लेनॉक्स लुईस ४१–२–१ (३२). बघणाऱ्याला वाटतं, यात भांडण्यासारखं काय आहे, वजाबाकी केली की मोठा कोण ते कळलं. पण ही ओळ म्हणजे आपला सातबारा आहे. गाव नमुना सात सांगतो जमीन कुणाची, आणि नमुना बारा सांगतो तिच्यात पेरलं काय होतं. सातवरच ‘इतर हक्क’ नावाचा एक रकाना असतो. त्यात सोसायटीचं कर्ज, विहिरीतला चुलत्याचा वाटा, कोर्टातला दावा असे सगळे बोजे चढवलेले असतात. मुरलेलं गिऱ्हाईक जमीन घेताना मालकाच्या नावाकडे ढुंकूनही पाहत नाही, त्याचं बोट थेट त्या रकान्यावर जातं. बॉक्सिंगच्या उताऱ्यात नेमका हाच रकाना छापलेला नसतो. तो प्रत्येक चाहता आपापल्या पदरचा भरतो, आणि तिथून पुढे आवाज चढायला लागतात.

मार्सियानोचा उतारा सगळ्यांत स्वच्छ, म्हणून आधी तोच काढावा. मॅसॅच्युसेट्समधलं ब्रॉक्टन हे बुटांच्या कारखान्यांचं गाव; बाप तिथल्याच कारखान्यात कामाला. पोराने आधी बेसबॉलमध्ये जमतंय का ते पाहिलं, जमलं नाही. उंची पाच फूट दहा इंचांच्या आसपास, वजन ८५ किलोच्या आत-बाहेर, हात आखूड. आजच्या हेवीवेटशेजारी उभा केला तर त्याचा हिशेबनीस वाटेल. या माणसाने ४९ लढती जिंकल्या, त्यांतल्या ४३ शेवटची घंटा व्हायच्या आत.

त्यातली एक जवळून बघण्यासारखी आहे. २३ सप्टेंबर १९५२, फिलाडेल्फिया. समोर विजेता जर्सी जो वॉलकॉट. पहिल्याच फेरीत वॉलकॉटने मार्सियानोला खाली बसवलं, कारकिर्दीत पहिल्यांदाच. बारा फेऱ्या संपल्या तेव्हा तिन्ही पंचांच्या कागदावर मार्सियानो मागे होता. तेराव्या फेरीत वॉलकॉट मागे सरकत सरकत दोरांपाशी आला, दोघांनी एकाच क्षणी उजवा हात सोडला, आणि मार्सियानोचा आधी पोचला. ठोसा फार लांबून आलाच नव्हता. दार ढकलायला माणूस हात जेवढा पुढे करतो तेवढाच. वॉलकॉटचा डावा हात मधल्या दोरात अडकला. बाजारातून दमून आलेला माणूस ओट्यावर टेकावा तसा तो गुडघ्यांवर आला आणि मग पुढे कलंडला. मार्सियानोच्या गोटात त्या उजव्या हाताला ‘सुझी क्यू’ असं लाडाचं नाव होतं. बारा फेऱ्यांचे सगळे गुण सुझीने एका झटक्यात रद्दीत घातले.

हा झाला नमुना सात. नमुना बारा उघडला की मार्सियानोचे विरोधक खुर्ची पुढे ओढतात. वॉलकॉट त्या रात्री ३८ वर्षांचा होता. त्याच्या आदल्या वर्षी मार्सियानोने जो लुईसला आठव्या फेरीत दोरांबाहेर पाठवलं, तेव्हा लुईस ३७ वर्षांचा होता आणि आयकर खात्याचं देणं फेडण्यासाठी नाइलाजाने लढत होता. लढतीनंतर मार्सियानो ड्रेसिंग रूममध्ये जाऊन रडला, कारण लुईस त्याचं लहानपणापासूनचं दैवत. शेवटचा प्रतिस्पर्धी आर्ची मूर. त्याचं वय किती, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. तो स्वतः १९१६ चा जन्म सांगे, त्याची आई १९१३ चा. आईला जास्त ठाऊक असणार हे मान्य करून मूरने काढलेला निष्कर्ष प्रसिद्ध आहे: आपण जन्मलो तेव्हाच तीन वर्षांचे असलो पाहिजे. आईचं वर्ष धरलं तर मूर त्या लढतीत ४१ वर्षांचा होतो. एवढं असून त्यानेही दुसऱ्या फेरीत मार्सियानोला खाली पाडलंच.

म्हणजे म्हातारी झाडं तोडून लाकूडतोड्या मोठा झाला, असा एका बाजूचा युक्तिवाद. दुसरी बाजू म्हणते, जंगलात जी झाडं उभी होती तीच तो तोडणार ना. शिवाय १९५४ मध्ये एझर्ड चार्ल्सने त्याच्या नाकपुडीचे दोन भाग केले होते. रक्त थांबेना, डॉक्टर लढत थांबवणार अशी चिन्हं, आणि त्या अवस्थेत त्याने आठव्या फेरीत चार्ल्सलाच झोपवला. हा बोजा कुठल्या रकान्यात लिहायचा? आणि १९५० मध्ये रोलंड लास्टार्झाविरुद्ध पंचांचं एकमत झालं नव्हतं, निकाल केसाएवढ्या फरकाने लागला होता. तिथे केस दुसरीकडे पडता तर ४९–० ची ओळ छापलीच गेली नसती.

खरं तर मार्सियानोचं सगळ्यांत मोठं कौशल्य ठोशात नव्हतं. तो ३२ व्या वर्षी, १९५६ च्या एप्रिलमध्ये, पंगतीतून उठला. जिलबीचा आग्रह चालू असताना पानावरून उठणारा माणूस लग्नात जितका दुर्मीळ, तितकाच हेवीवेटमध्ये.

जो लुईसला ते जमलं नाही. तो जवळजवळ बारा वर्षं, १९३७ ते १९४९, विजेता होता. विजेतेपद २५ वेळा राखलं. त्याचं नेमकं रेकॉर्ड काय, यावर कागदांतच मतभेद आहेत. काही जुन्या पुस्तकांत ६८ विजय, आताच्या नोंदींत ६६. प्रदर्शनी सामने कुठले आणि खरे कुठले यावर दोन विजय इकडचे तिकडे झाले. १९४० च्या डिसेंबरपासून तर त्याने महिन्याला एक आव्हानवीर या हिशेबाने लढती केल्या. अमेरिकन वार्ताहरांनी या मंडळींना जे टोपणनाव ठेवलं त्याचा मराठी अवतार ‘महिन्याचा बकरा’ असाच होईल. बकऱ्यांना ते अर्थातच आवडलं नाही. याच धडाक्यात १९४१ च्या जूनमध्ये बिली कॉन आला. वजनाने बराच हलका, पायांनी चपळ. बारा फेऱ्यांनंतर तो पुढे होता. नुसतं लांब राहून तीन फेऱ्या काढल्या असत्या तर विजेता झाला असता. पण त्याला नॉकआउट हवा होता. जवळ गेला आणि तेराव्यात स्वतःच आडवा झाला. पुढे दोघांची मैत्री झाली. वर्षभर तरी तो किताब मला उसना द्यायचास, असं कॉन एकदा म्हणाला, तेव्हा लुईसने उत्तर दिल्याचं सांगतात, “बारा फेऱ्या दिला होता की. तुलाच सांभाळता आला नाही.”

अलीच्या उताऱ्यावर पाच पराभव आहेत, आणि पाचही पराभवांची कैफियत अलीप्रेमींना तोंडपाठ असते. १९७१ मध्ये फ्रेझियरकडून हरला, कारण व्हिएतनामच्या लष्करभरतीला नकार दिल्यामुळे साडेतीन वर्षं त्याला लढूच दिलं नव्हतं. १९७३ मध्ये केन नॉर्टनकडून हरला, कारण जबडा मोडला होता. मोडणारा नॉर्टनच होता, हा तपशील ओझरता सांगितला जातो. १९७८ मध्ये लिऑन स्पिंक्सकडून हरला. लिऑनची ती व्यावसायिक कारकिर्दीतली जेमतेम आठवी लढत, आणि लिऑन हा होम्सची पत्रिका बिघडवणाऱ्या मायकेलचा सख्खा थोरला भाऊ. दुसऱ्याच्या घरच्या कार्यात विघ्न आणण्याची कला त्या घराण्यात होती. १९८० मध्ये होम्सकडून हरला, तेव्हा अली ३८ वर्षांचा होता आणि होम्स हा त्याचाच एके काळचा सरावातला जोडीदार. जिंकून होम्सही रडला. मार्सियानोही रडला होता. गुरूला बडवून मग डोळे पुसायचे, हा हेवीवेटमधला जुना कुळाचार दिसतो.

पाचवा पराभव १९८१ च्या डिसेंबरमधला, बहामातल्या नासाऊचा. संयोजनाचा असा आनंद, की फेरी सुरू करायला रीतसर घंटा सापडेना. शेवटी गाईच्या गळ्यातली घंटा आणून वाजवली. त्या घंटेवर जगातल्या सर्वांत प्रसिद्ध माणसाची कारकीर्द संपली आणि ट्रेव्हर बर्बिक जिंकला. उताऱ्यावर मात्र हा पराभव फ्रेझियरच्या पराभवाइतकाच ठसठशीत, एकास एक.

गणिताची खरी फजिती मात्र त्याच्या आधीच होऊन गेली होती. फ्रेझियरने अलीला हरवलं होतं. १९७३ च्या जानेवारीत जमैकातल्या किंग्स्टनला फोरमनने त्याच फ्रेझियरला दोन फेऱ्यांत सहा वेळा खाली पाडलं. नॉर्टनने अलीला हरवलं होतं. त्या नॉर्टनला फोरमनने पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये कॅराकसला दोन फेऱ्यांत आटोपलं. शाळेतल्या बाईंनी शिकवलंय: अ पेक्षा ब मोठा, ब पेक्षा क मोठा, तर अ ने क च्या वाटेला जाऊ नये. फोरमनचा उतारा तेव्हा ४०–० होता, त्यांतले ३७ नॉकआउट. अली ३२ वर्षांचा, फोरमन २५ चा. अलीला जिवंत परत आणा म्हणजे झालं, एवढीच त्याच्या हितचिंतकांची अपेक्षा.

३० ऑक्टोबर १९७४ ला पहाटे झाइरमधल्या किन्शासाला अली दोरांना पाठ लावून उभा राहिला आणि फोरमनला म्हणाला, मार. फोरमनने मारलं. सात फेऱ्या मारत राहिला. अली हातांच्या आडोशाला बसून अधूनमधून कानाशी लागत होता: बस एवढंच? जिन्यावरून एकट्याने कपाट वर चढवणाऱ्या हमालाची जी गत होते ती आठव्या फेरीत फोरमनची झाली. मग अलीने चारदोन ठोशांत त्याला गिरकी देऊन खाली घातला. अ ने क ला हरवलं. बाईंच्या सूत्राचं काय करायचं ते कुणालाच कळलं नाही. ज्याने त्याने आपापल्या सोयीने ते पुढच्या वादात वापरलं.

मराठीने या खेळाची एक गंमत आधीच करून ठेवली आहे. निकाल देणारा तोही पंच आणि इंग्रजीतून आलेला ठोसा तोही पंच. लढत एका पंचाने सुटली नाही तर तीन पंचांवर जाते, आणि दुसऱ्या जातीचे पंच कधी कधी पहिल्यापेक्षा जोरात लागतात. १३ मार्च १९९९ ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लेनॉक्स लुईसला असाच लागला. समोर इव्हँडर होलीफिल्ड. बारा फेऱ्यांत लुईसचे ३४८ ठोसे लागले, होलीफिल्डचे १३०. आता निकाल ऐका. एका पंचाकडे ११६–११३ लुईस. दुसऱ्याकडे ११५–११५. तिसरीकडे ११५–११३ होलीफिल्ड. एक, एक आणि एक, म्हणून लढत बरोबरीत. पाचव्या फेरीत लुईसने होलीफिल्डला दोरांपाशी धरून यथेच्छ धुतलं होतं. तिसरीने ती फेरी होलीफिल्डला दिली होती. कोल्हापूरच्या मैदानात निकाली कुस्तीसाठी तिकीट काढलेल्या माणसाला जोड बरोबरीत सोडवली की जे वाटतं, ते त्या रात्री गार्डनमधल्या हजारो लोकांना वाटलं. लुईस आठ महिन्यांनी परत आला आणि होलीफिल्डला रीतसर हरवलं. ऑलिव्हर मॅकॉल आणि हसीम रहमान हे त्याला नॉकआउट करणारे दोघंही त्याने नंतर गाठून वसूल केले होते. कारकीर्द संपताना लुईसला कुणाचंच देणं उरलं नव्हतं. मार्सियानोसारखा कोरा सातबारा वेगळा आणि कर्ज काढून फेडलेला वेगळा; बँकेत विचारलं तर दुसऱ्याला पत जास्त.

पंच नसलेल्या लढतींची तर आणखीच मजा. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी गुणांवर निकाल द्यायलाच कायद्याने बंदी होती. नॉकआउट झाला नाही तर लढत ‘निकाल नाही’. पण पैजा तर लागलेल्या असत. मग दुसऱ्या दिवशी सकाळी वर्तमानपत्रातला वार्ताहर ज्याला विजयी म्हणेल तो जिंकला, असा पैजवाल्यांचा शिरस्ता पडला. रात्री मारामारी, सकाळी निकाल, आणि दोन वर्तमानपत्रांचं जमलं नाही तर दोन विजेते. त्या काळातल्या दिग्गजांच्या ओळीत ही वर्तमानपत्री पीकपाहणी धरायची की नाही, यावर आजही दोन तट आहेत.

सातबारा कोरा ठेवण्याचा सोपा उपाय म्हणजे जमिनीत काहीच न पेरणं. डेन्मार्कच्या ब्रायन निल्सनवर त्याचे टीकाकार साधारण हाच आरोप करत. धिप्पाड, हसतमुख, घरच्या प्रेक्षकांचा लाडका. गावात नाव ‘सुपर ब्रायन’. एकामागून एक लढती जिंकत तो पुढे निघाला. १९९७ मध्ये कोपनहेगनला त्याने एका ४७ वर्षांच्या गृहस्थांना दुभंगलेल्या निकालावर हरवलं, आणि ते गृहस्थ म्हणजे पुन्हा आपले लॅरी होम्स. करता करता निल्सन ४९–० झाला. मार्सियानोच्या ओळीत, शेजारी, खुर्ची टाकून बसला. आता पन्नासावा विजय तेवढा बाकी. १९९९ च्या जूनमध्ये, घरच्याच मैदानावर, डिकी रायन नावाच्या अमेरिकनाला बोलावलं. नाव फारसं कुणी ऐकलेलं नाही, हीच त्याची पात्रता. निल्सन आधी दमला, मग अजून दमला, आणि दहाव्या फेरीत पंचाला लढत थांबवावी लागली. सात फुटी रशियन निकोलाय वालुएवचं गाडं तर ४६ वरच अडलं. ४९ च्या अलीकडे आणि पलीकडे काहीतरी दलदल आहे असं वाटावं.

आणि हे सगळे विजय येतात कुठून, तेही पाहायला हवं. जगातला प्रत्येक विजय म्हणजे दुसऱ्या कुणाच्या तरी खात्यावरचा पराभव. बर्मिंगहॅमच्या पीटर बकलीने, जो वजनाने हेवीवेटच्या जवळपासही नव्हता, या पुरवठ्याचं काम प्रामाणिकपणे केलं. ३०० लढती, ३२ विजय, २५६ पराभव, १२ बरोबऱ्या. वर चढणाऱ्या पोरांना अनुभव द्यायचा, धडधाकट घरी जायचं, फोन आला की पुन्हा निघायचं. पुढे जगज्जेता झालेला नसीम हमीदही त्याच्या अंगावरून दोनदा गेला. २००८ मध्ये तीनशेवी लढत खेळून बकली निवृत्त झाला. ती शेवटची लढत त्याने जिंकली. त्याचे २५६ पराभव आज कुणा ना कुणाच्या उताऱ्यावर चकचकीत विजय म्हणून चढलेले आहेत. मराठी भाषेत याला खंडकरी म्हणावं की वेठबिगार, हे ठरवणं कठीण.

फोरमनची गोष्ट किन्शासाला संपली असती तर तो या लेखात हरणारा माणूस म्हणूनच राहिला असता. तो १९७७ मध्ये निवृत्त झाला, धर्मोपदेशक झाला, पाच मुलांची नावं जॉर्ज ठेवली आणि दहा वर्षांनी, टक्कल आणि पोट घेऊन, परत आला. त्याच्यासमोर आणली जाणारी माणसं पाहून लोक हसत, तोही हसे. विजयांचा ढीग साठत गेला. ५ नोव्हेंबर १९९४ ला लास वेगासला समोर होता २६ वर्षांचा विजेता मायकेल मूरर, ३५–०. फोरमन ४५ चा. कमरेला तीच लाल चड्डी, जी घालून तो वीस वर्षांपूर्वी झाइरमध्ये आडवा झाला होता. आता ती थोडी ताणलेली. कोपऱ्यात मदतीला अँजेलो डंडी, जो झाइरमध्ये अलीच्या कोपऱ्यात होता. नऊ फेऱ्या मूररने त्याला टिपून टिपून मारलं. तिन्ही पंचांकडे फोरमन मागे. दहाव्या फेरीत एक आखूड उजवा हात हनुवटीवर बसला आणि मूरर पाठीवर पडून दिव्यांकडे बघत राहिला. फोरमन कोपऱ्यात जाऊन गुडघे टेकून बसला. ७६–५ या ओळीत ही रात्र फक्त एका आकड्याची आहे, आणि आदल्या सात वर्षांत पाडलेल्या कुठल्याही अनोळखी इसमाइतक्याच किमतीची.

उताऱ्यावर काय चढतं आणि काय चढत नाही, याचा कारभार तलाठ्यालाही कोडं पडावं असा आहे. अलीकडून हरल्यावर १९७५ मध्ये फोरमनने टोरांटोला एकाच दिवशी पाच जणांशी लागोपाठ लढती केल्या. बाहेर बसून अली टोमणे मारत होता. पाच माणसं, खरे ठोसे, खरं रक्त. ते प्रदर्शन धरलं गेलं, रेकॉर्डमध्ये शून्य. १९८० च्या जानेवारीत अली दिल्लीला आला आणि आपल्या लष्करातल्या कौर सिंग यांच्याशी चार फेऱ्या लढला. कौर सिंग यांनी दोन वर्षांनी दिल्लीच्याच आशियाई स्पर्धेत हेवीवेटचं सुवर्णपदक जिंकलं. अलीच्या ६१ लढतींच्या यादीत ते नाव शोधून सापडणार नाही. उलट माइक टायसन १५ नोव्हेंबर २०२४ ला, ५८ व्या वर्षी, गुडघ्याला पट्टा बांधून, २७ वर्षांच्या जेक पॉल नावाच्या यूट्यूबवाल्याशी दोन-दोन मिनिटांच्या आठ फेऱ्या खेळला. टेक्सास राज्याने ती लढत अधिकृत ठरवली. झाला फेरफार. विसाव्या वर्षी बर्बिकला, म्हणजे अलीला निवृत्त करणाऱ्यालाच, दोन फेऱ्यांत गुंडाळून सर्वांत तरुण विजेता झालेल्या टायसनच्या नावावर आता सात पराभव आहेत, आणि सातवा कुठल्याही वारसाला काढून टाकता येणार नाही.

मग कोण मोठा, मार्सियानो की अली? हा प्रश्न एकदा यंत्राला विचारून झालेला आहे. मायामीतला रेडिओ-निर्माता मरे वोरोनर याने १९६७ मध्ये सगळ्या काळांतल्या १६ हेवीवेटची माहिती एनसीआर ३१५ या संगणकात भरली आणि त्यांची काल्पनिक स्पर्धा रेडिओवर वाजवली. यंत्राने अलीला उपांत्यपूर्व फेरीतच जिम जेफ्रीजकडून हरवलं. अलीने दहा लाख डॉलरचा दावा ठोकला. तडजोड म्हणून ठरलं की अली आणि मार्सियानो प्रत्यक्ष रिंगणात उतरतील, चित्रीकरण होईल, आणि कोण जिंकलं ते यंत्र सांगेल.

१९६९ चा उन्हाळा, मायामीतला बंद स्टुडिओ. अलीचा परवाना काढून घेतलेला, खिसा रिकामा. मार्सियानो ४५ वर्षांचा. रिंगण सोडून १३ वर्षं झालेली. त्याने वीसेक किलो वजन उतरवलं होतं आणि डोक्यावर केसांचा टोप चढवला होता. एकेक मिनिटाच्या सत्तरेक फेऱ्या घेतल्या गेल्या. पोटावरचे ठोसे बऱ्यापैकी खरे, तोंडावरचे आवरते. मध्येच अलीने हात लांबवला आणि टोप उडाला. चित्रीकरण थांबलं. अपराजित राहून निवृत्त झालेला जगातला एकमेव हेवीवेट विजेता टोप परत बसवून घेईपर्यंत जगातला सर्वांत बडबड्या हेवीवेट विजेता हसत उभा. शेवट अनेक तऱ्हांनी करून ठेवले: इथे हा पडतो, तिथे तो पडतो, इथे जखम वाहते. दोघांनाही खरा निकाल सांगितला नव्हता.

२० जानेवारी १९७० ला अमेरिकेतल्या थिएटरांत चित्रपट लागला. मार्सियानो तेराव्या फेरीत नॉकआउटने विजयी. वॉलकॉटला पाडलं तीच फेरी, म्हणजे यंत्रालाही सवयीचं ठिकाण सापडलं होतं. हा संगणक अलाबामात बनवला असणार, असं अली म्हणाला म्हणतात. युरोपात दाखवलेल्या प्रतीत मात्र अली जिंकला. मार्सियानोला यातलं काहीच कळलं नाही. चित्रीकरण उरकून तीन आठवडे होतात न होतात तोच, ३१ ऑगस्ट १९६९ ला, सेहेचाळीसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, आयोवामध्ये त्याचं छोटं विमान कोसळलं. ती लढत कुणाच्याच उताऱ्यावर चढली नाही. मार्सियानो अजून ४९–०, अली ५६–५.